लेफ्टचा दुसरा अर्थ

लग्न होऊन मी बारामतीला आले तेव्हा मला सतरावं लागलं होतं. माझं माहेर मोरगावच्या बाजूचं, कोरडवाहू. बाजरी, शेळ्या आणि पाण्यासाठी पायपीट. सासरचे लोक मळेवाले. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, घेवडा पिकवायचे. सासरे मळ्यातल्या घरातच राहत. आमचे हे त्या घरातले पहिले मॅट्रिक, इंग्रजी शाळेत मास्तर होते, म्हणून आम्ही दोघांनी गावात दोन खोल्या घेतल्या होत्या. दोनच माणसांचा संसार. मला तो इतका आवडायचा की मी दिवसातून तीन वेळा झाडून काढायची.

सात-आठ महिने असे गेले आणि वन्सं आल्या. यांची थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात दिली होती. सहा वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बैलगाडीत बसवून पाठवून दिलं. बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणि एक जाड काळा बुरणूस, म्हणजे लोकर दाबून दाबून करतात ते अंथरूण. सहा वर्षांच्या संसारातलं एवढंच त्यांच्या वाट्याला आलं होतं. मळ्यात भावकीच्या बायका टोचून बोलतील म्हणून यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी व्हयच म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं.

वन्सं कामाला वाघीण होत्या. बोलायच्या कमी. त्यांच्याबद्दल तक्रार करायला मला काही सापडत नव्हतं, आणि तेच मला जड जायचं.

शाळेत पहिली इंग्रजीच्या मुलांसाठी यांनी एक खेळ केला होता. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून चौकोनी तुकडे, एकेकावर शाईनं एकेक इंग्रजी अक्षर. ते सगळे एका डब्यात. एका रविवारी दुपारी डबा घरी आला. यांनी सतरंजीवर तीन तुकडे मांडले आणि मला म्हणाले, "हे टी, हे ई, हे ए. मिळून झालं टी. टी म्हंजी चहा."

मी म्हटलं, "पहिल्या अक्षरालाच टी म्हनत्यात की. मग बाकीची दोन कशाला?"

ते हसले. मला फार बरं वाटलं. आमच्या माहेरी चहा कुणी पीत नव्हतं. इथं आल्यावर मी तो करायला शिकले होते आणि यांना माझ्या हातचाच लागायचा. त्यामुळे चहा हा शब्द मला माझा वाटला.

"आता हीच तीन अक्षरं घेऊन दुसरा शब्द कर," ते म्हणाले.

मी तुकड्यांकडे बघत बसले. वन्सं उंबऱ्याजवळ मेथी निवडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, पुढं सरकल्या आणि टी उचलून शेवटी ठेवला. ई, ए, टी. "ह्ये काय हुतं का रं?"

"आक्का! ईट. ईट म्हंजी खा!"

मग त्यांनी ई शेवटी नेला. ए, टी, ई.

"एट! खाल्लं!" हे मांडी मोडून गुडघ्यावर उभेच राहिले. "तुला इंग्रजी अक्षरं कुणी शिकवली?"

"तू पोरांच्या वह्या तपासतोस तवा मी झाडत असते न्हवं," वन्सं म्हणाल्या आणि परत मेथीकडे वळल्या.

त्या वेळी यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून तर नाहीच. हेवा हा शब्द मला ठाऊक होता, पण तो कसा असतो हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दर रविवारी डबा उघडायचा. एन, ओ, डब्ल्यू ही तीन अक्षरं. नाऊ म्हणजे आता, ओन म्हणजे स्वतःचं, वन म्हणजे जिंकलं. वॉज म्हणजे होता, आणि तोच उलटा लिहिला की सॉ, म्हणजे पाहिलं. शिवाय सॉ म्हणजे सुताराची करवत. हे जाड डिक्शनरी मांडीवर घेऊन बसत आणि एकेका शब्दाचे चार-चार अर्थ काढून दाखवत. वन्सं विचारत, "येका शब्दाला येवढं अर्थ, मग लोकांना कसं कळतं कुठला घ्यायचा?" असे प्रश्न मला कधी सुचले नाहीत. भाऊ-बहीण तासन्‌तास बोलत. मी मध्येच उठून चहा टाकायची आणि कपबशा जरा जोरात आपटायची. कुणाचं लक्ष जात नसे.

मग मी चोरून अभ्यास सुरू केला. मराठी शाळेत चार वर्षं मीही गेले होते, आणि इंग्रजी अक्षरं रविवारी बघून बघून ओळखीची झाली होती. वन्सं ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या की डबा काढायचा आणि तुकडे हलवत बसायचं. पी, ओ, टी मी पाठच केलं: पॉट, टॉप. भांडं, भोवरा, आणि टॉपचा अर्थ शेंडासुद्धा. त्या रविवारी मी आपणहून ती अक्षरं काढून मांडली आणि म्हणाले, "आज ह्ये घ्या." वन्संनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलत असणार. त्या गप्प बसल्या. मी पॉटचा टॉप केला, तिन्ही अर्थ सांगितले.

यांनी मला शाबासकी दिली असती तर माझं सगळं आयुष्य निराळं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. पण हे वळले बहिणीकडे. "आक्का, तुला येत हुतं. मुद्दाम गप बसलीस."

वन्सं म्हणाल्या, "न्हाय रं, मला सुचलंच न्हाय."

मला येत होतं ते माझं राहिलं नाही, त्यांनी सोडलेलं झालं. त्या दिवशी सैपाक करताना मी डब्यातला ई चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी यांनी नवा ई कापला. विचारलंसुद्धा नाही की जुना कुठं गेला.

पुढच्या पंधरवड्यात वन्सं दोन दिवस मळ्यात गेल्या. मी रविवारची वाटच पाहत होते. आम्ही दोघंच सतरंजीवर. यांनी एल, ई, एफ, टी मांडलं. "लेफ्ट. म्हंजी डावा." मग डिक्शनरीचं पान उलटलं आणि जरा थांबले. "दुसरा अर्थ सोडलेलं. मागं टाकून दिलेलं." आणि लगेच तुकडे गोळा करत म्हणाले, "ह्यो शब्द आक्का असताना काढायचा न्हाय. ध्यानात ठेव."

मी मान हलवली. खरं तर एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवी होते. पण मला दिसलं ते वेगळंच. कितीतरी दिवसांनी एकदा आम्ही दोघंच बसलो, त्यातही हे बहिणीला जपत होते. मला कुठला शब्द लागेल याचा विचार यांनी कधी केला होता?

वन्सं परत आल्या. पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर डबा निघाला. हे म्हणाले, "आज कोन मांडतंय?"

"मी मांडते," मी म्हटलं. आणि एकेक तुकडा शोधून काढला. एल. ई. एफ ठेवला तेव्हा यांचा हात पुढं आला, पण मी टी ठेवून मोकळी झाले होते.

"वन्सं, सांगा, ह्याचं अर्थ किती?"

वन्संनी जुळवून वाचलं. "लेफ्ट. डावा. पोरं कवायत करत्यात तवा आयकलाय."

"आनि दुसरा?"

"ऱ्हाऊ दे आता," हे म्हणाले.

मी हसत होते. ते हसू मला अजून माझ्या तोंडावर जाणवतं. "दुसरा अर्थ टाकलेली."

वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी चारी तुकड्यांकडे पाहिलं. मग दोन बोटांनी एल आणि एफची जागा बदलली. एफ, ई, एल, टी.

"ह्ये काय हुतं?" त्यांनी भावाला विचारलं.

"फेल्ट," हे म्हणाले. "म्हंजी वाटलं. मनाला जानवलं."

"आजून?"

यांनी डिक्शनरी उघडली, कारण खाली बघायला त्यांना काहीतरी हवं होतं. "लोकर दाबून केल्यालं कापड. आपला बुरनूस."

"हां," वन्सं म्हणाल्या. "त्यो हाय माझ्याकडं." आणि उठून त्या घागर घेऊन पाण्याला गेल्या.

त्यांना तो शब्द ठाऊक होता की हात नुसताच गेला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

हे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. आठ-दहा दिवस ते माझ्याशी मीठ वाढ, पाणी दे, याच्यापलीकडे बोलले नाहीत. वन्सं मात्र पहिल्यासारख्याच बोलत, पहिल्यासारख्याच काम करत; फक्त रविवारी सतरंजीवर येऊन बसत नसत. डबा फळीवर गेला. मला हवी होती ती दुपार मला मिळाली, आणि त्या दुपारी हे सुट्टी असूनही शाळेत निघून जायचे.

मग एक दिवस जेवताना वन्सं भावाला म्हणाल्या, "मला फायनलला बसायचंय." त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, मधल्या तीन इयत्ता घरीच करून मराठी सातवीची परीक्षा द्यायची म्हणत होत्या. हे लगेच व्हय म्हणाले. दीड वर्ष त्यांनी अभ्यास केला. भूगोल पाठ करत त्या दळायच्या, आणि मी जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंटा धरून नद्यांची नावं ऐकायची. एकदा मी म्हटलं, "आज दळन मी येकटी करते, तुमी वाचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." तेवढीच माझी माफी, आणि तेवढंच त्यांचं उत्तर.

त्या पास झाल्या. मुलींच्या शाळेत बाईंची जागा निघाली ती इंदापूरला. हे म्हणाले, "आक्का, तिथं नको. तिथली मानसं तोंडावर भेटतील."

वन्सं म्हणाल्या, "भेटू देत की. मी मास्तरीन म्हनून भेटंन."

त्या गेल्या त्या दिवशी मी घर तीन वेळा झाडलं. पण मी समजत होते तसं ते माझं एकटीचं झालं नाही. हे महिन्यातून एकदा इंदापूरला जायचे आणि येताना नुसतं आक्कानं असं केलं, आक्कानं तसं केलं. घरात नसलेल्या बाईचा हेवा करणं फार अवघड असतं. कपबशा आपटून दाखवायच्या तरी कुणाला!

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. ती वर्षाची झाल्यावर मी यांना म्हटलं, "ह्या खेपेला मी येकटी जाऊन येते." यांनी मला सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं. धुळीनं माखून मी इंदापुरात उतरले आणि पोरीला कडेवर घेऊन विचारत विचारत शाळेत गेले.

वन्सं खुर्चीवर बसल्या होत्या. पुढं तीस-एक मुली. मी खांबाआड उभी राहिले. एका मुलीचं चुकलं तर त्या रागावल्या नाहीत. "परत बघ, घाई न्हाय," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहिलं, मुलींना सुट्टी दिली आणि आधी पोरीला माझ्या कडेवरून घेतलं.

त्यांच्या खोलीवर त्या भाकरी थापत होत्या तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, त्या दिशी मी..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "शब्द खोटा न्हवता. डिक्शनरीतच हुता. पन तू हसत म्हनालीस. ते इसरायला मला लई दिवस लागलं." भाकरी उलटली. "आनि समदंच इसरलं आसंबी न्हाय."

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं त्या म्हणतील जाऊ दे, लहान होतीस. त्या तसं म्हणाल्या नाहीत, आणि आज वाटतं त्यांनी मला फसवलं नाही हेच बरं झालं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वाचतीस का काय?"

"न्हाय. पोर झाल्यापासनं काय सुचत न्हाय."

"पोरीच्या आदीबी वाचत न्हवतीस. तुला सोतासाठी कवा शिकायचंच न्हवतं. मला हरवायचं हुतं." हे मात्र त्या हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात मागं बसवलं. पोर एका मोठ्या मुलीच्या मांडीवर झोपली होती. मराठी चौथीचा तास. वन्संनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि कर्ता विचारला. मला येत होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात माझ्या पुढच्या रांगेतली दहा वर्षांची, लाल फितीची एक चिमुरडी ताडकन उभी राहिली आणि उत्तर देऊन खाली बसली. मला तिचा असा संताप आला की तिची वेणी ओढावी!

मी वर पाहिलं तर वन्सं माझ्याकडेच बघत होत्या. माझ्या चेहऱ्यावरचं त्यांनी सगळं वाचलं असावं, कारण खडू हातात धरूनच त्या मोठ्यानं हसायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मुली भांबावून एकमेकींकडे बघू लागल्या. मग मलाही हसू आवरेना. वन्संनी डोळे पुसले, फळा पुसला आणि म्हणाल्या, "आता पुढच्या वाक्याचा कर्ता मागं बसल्याल्या बाई सांगतील. तवर कुनी उठायचं न्हाय."