आईच्या दोन ओळी

आई यंदा गेली, म्हणून हे लिहिता येतंय. ती असती तर माझी छाती झाली नसती. तशी एकदा झाली होती, आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. तेच सांगते.

मी नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. आयुष्यभर पोरांच्या निबंधांतल्या ओळी लाल पेनानं खोडत आले, त्यामुळे आपल्याला लिहिता येतं असा माझा एक गैरसमज आहे. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकानं तुटलेल्या नात्यांवर लेख मागवले. नावं घालू नका, पण खरं लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं. मी लिहून टाकलं की माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं आणि माझं नऊ वर्षं बोलणं नाही. तो काटोलला संत्र्याचा व्यापार करतो, आई त्याच्याकडे असते आणि मला त्या घराची पायरी बंद आहे.

कच्चा लेख नवऱ्याला वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून सगळा वाचला आणि म्हणाले, "नाव नाही टाकलं खरं, पण बाकी काय ठेवलं बाप्पा? काटोल टाकलं, संत्री टाकली, भावाची मिशी टाकली. आता आधार कार्डाचा नंबर तेवढा टाक, म्हणजे कोणाची शोधाशोध नको." मी चिडले. पण मग काटोल काढलं आणि मिशीही काढली.

बोलणं कशावरून तुटलं, ते एवढंच. बाबांना नागपूरला, धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसं थकली होती. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, नळी घालून मशीनवर ठेवू शकतो, पण त्यातून उठतील असं मला वाटत नाही. नको असेल तर तसं लिहून सही द्या. मी दादाला फोन लावला. तो बाजारात, लिलावात. लागेना. परत लावला, परत लावला. बाबांचा श्वास दाराबाहेर ऐकू येत होता. आई बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. मी तिच्यासमोर कागद घेऊन उभी राहिले. ती म्हणाली, "कर वं सही. जाऊ दे आता त्याइले."

मी सही केली. दीड-दोन तासांनी बाबा गेले. दादा पोचला तेव्हा त्यांचं तोंड झाकलेलं होतं.

"कोनं केली सही?" तो दवाखान्याच्या व्हरांड्यात ओरडला. नर्सबाई धावत आल्या. मी आईकडे पाहिलं. आई फरशीकडे पाहत होती. तिला त्याच्याच घरी राहायचं होतं, त्याच्याच हातचं पाणी प्यायचं होतं, आणि मी काय, माझ्या घरी जाणार होते. हे सगळं तेव्हा डोक्यात आलं असेल असं नाही. तोंडातून निघालं, "मी."

"मी येईपर्यंत तरी ठेवायचं होतं मशीनवर. मले माह्या बापाचं तोंड पाहू दिलं नाही तुनं." हे तो तेरवीपर्यंत रोज कोणा ना कोणासमोर म्हणत राहिला, आणि तेरवी झाल्यावर मला म्हणाला, "आता ह्या घरी येऊ नोको." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही.

त्यानंतर गुरुवारचा फोन तेवढा उरला. गुरुवारी दुपारी दादा बाजारात असे. वहिनी आपल्या फोनवरून लावून आईच्या कानाशी धरायची. वहिनीचे माझ्यावर फार उपकार आहेत. आई विचारायची, जेवली का, पाय दुखतात का, कूलर काढला का. सहीचं तिनं कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. फोन ठेवला की मला रडू यायचं, आणि खरं सांगायचं तर राग यायचा. दादाचा नाही, आईचा. एकदा, फक्त एकदा, तू त्याला म्हणू शकली नसतीस का?

तर लेख गेला आणि आठवड्याभरात संपादकांचा फोन आला. "ताई, लेख चांगला उतरलाय. पण सहीपाशी अडखळायला होतं. तुम्ही कोणाला न विचारता सही केली? वाचणाऱ्याला ते पटत नाही." मी म्हटलं, बघते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी वर्गात दरवर्षी समजावून सांगते. पण त्या दिवशी जेवायच्या टेबलावर बसले आणि आईचं ते बोलणं जसंच्या तसं दोन ओळींत लिहून टाकलं. संपादकांनी विचारलं म्हणून लिहिलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं. नऊ वर्षं माझ्या माथी बसलेलं कोणीतरी एकदा उतरवावं असं मला वाटत होतं. त्या ओळी लिहिताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. भाजीला फोडणी दिली, तेव्हा मी गुणगुणत होते.

लेख पाठवून दिला आणि गुरुवार आला. आई फोनवर म्हणाली, "दिवाई आली वं. अंक नाही आला यंदा?"

तो दिवाळी अंक मीच आईच्या नावानं काटोलला लावून दिला होता. आईला वाचायचं भारी वेड. काचबिंदूनं डोळे गेले तशी वहिनी किंवा दादा तिला वाचून दाखवत. माझ्याकडून त्या घरात जाणारी तेवढीच एक वस्तू, आणि पाकिटावर आईचं नाव म्हणून दादा काही बोलत नसे. त्या वर्षी मी तो बंद केला होता, एवढी अक्कल मला होती. "यंदा निघत नाही म्हणे तो," मी म्हटलं. आई म्हणाली, "बरं."

तो "बरं" ऐकून मला राहवेना. आई त्या घरात राहते. दादाला कळलं की सही आईनं करायला लावली आणि नऊ वर्षं त्याच्यापासून लपवलं, तर तिचं काय होईल? तो तिला मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही, तसला नाही तो. पण तो बोलणं बंद करेल. माझ्याशी केलं तसं. मी माझ्या घरी होते, मला नवरा होता, शाळा होती. डोळ्यांनी अधू झालेल्या ऐंशीच्या बाईशी घरातला एकटा मुलगा बोलेनासा झाला तर ती कोणाच्या आवाजावर दिवस काढणार?

मी संपादकांना फोन लावला. "त्या दोन ओळी काढा."

"ताई, तो फॉर्म छापून झाला. सोळा पानं एकदम छापतात. आता बाइंडिंगला गेलाय."

"मग ते पान फाडा."

"अहो ताई!" ते हसले. मी हसले नाही.

अंक बाजारात आल्यावर सीताबर्डीला एका स्टॉलवर उभी राहून मी पान उघडलं. होत्या, दोन्ही ओळी होत्या, ठसठशीत. स्टॉलवाला म्हणाला, "घेऊन राहिल्या का मॅडम, का नुसत्याच वाचून राहिल्या?" मी अंक घेतला आणि पिशवीत भाजीखाली घातला. जसा काही तो एकच छापला होता. मग मनाची समजूत घातली: काटोलला कोण घेतं हा अंक? घेतला तरी कोण वाचतं? वाचला तरी नाव कुठं आहे?

चार दिवसांनी लक्षात आलं की लेखकाला मिळते ती प्रत काही माझ्याकडे आली नाही. कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी मोठ्या उत्साहानं म्हणाली, "गेली ना मॅडम तुमची प्रत, मागच्या सोमवारीच गेली. काटोलला."

"काटोलला काहून?"

"तुमच्या मोबाईल नंबरापुढे तोच पत्ता आहे ना. दरवर्षी तिथंच जातो अंक."

वर्गणी भरताना माझा नंबर, पत्ता आईचा. वर्गणी बंद केली, पण पत्ता कोण बदलणार? मी तर प्रत कुठं पाठवायची हे सांगायचंच विसरले होते. "आणि मॅडम," ती पोरगी म्हणाली, "पाकिटावर तुमचं पूर्ण नाव घातलंय, लेखिका म्हणून, सप्रेम भेट." म्हटलं, फार छान केलंस बाई.

त्या गुरुवारी फोन आला नाही. मी लावला तर वहिनीनं उचलला नाही. चिवडा केला तो करपला. शेव इतकी तिखट झाली की नवऱ्यानं दोन बोटांनी उचलून डब्यात परत ठेवली. "जा ना मग काटोलला," ते म्हणाले. "घराच्या बाहेर उभी राहा. हाकललं तर ये परत, बस काही लांब नाही." मला ते सोपं वाटत नव्हतं. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. भाऊबीजेला मी दार लावून पेपर तपासत बसले.

पुढच्या गुरुवारी वहिनीनं उचलला. आवाज बारीक केला होता तिनं. "आई पडल्या आहेत जरा. मंग करा तुम्ही."

"बरं नाही का?"

"तसं नाही. मंग करा." आणि ठेवला.

पडल्या म्हणजे काय? झोपल्या, का आजारी पडल्या, का पडून राहिल्या आहेत, कोणी बोलत नाही म्हणून? मी शाळेत अर्ज टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला म्हटलं, स्टँडवर सोडा. गाडीवर मी त्यांच्या पाठीला इतकी घट्ट धरून बसले की ते म्हणाले, "अवं श्वास घेऊ दे." काटोलची बस लागलेली होती. खिडकीजवळ बसले. घरात शिरल्यावर काय बोलायचं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहत होते. दादा, ते मी मनानं लिहिलं. दादा, आई तसं म्हणाली नव्हती, लेखात घालावं लागतं असं काहीतरी. स्वतःलाच खोटारडी ठरवायची तयारी चालली होती माझी.

फोन वाजला. नंबर मी नऊ वर्षांत पुसला नव्हता. 'दादा' अशी अक्षरं दिसली आणि मी फोन दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"लेख वाचला तुहा," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही.

"हो."

"काहून नाही सांगतलं मले नऊ वर्ष?"

"सांगतलं असतं तर आईवर काढला असता ना तुनं राग."

मागे ट्रक उभा असावा, हमाल ओरडत होते. "काढला असता," तो म्हणाला. "आठ दिवस मनात काढूनच राहिलो होतो. अंक माह्या कपाटात होता. घरी जाऊ वाटे ना, जेवू वाटे ना. तिच्याशी बोललो नाही मी. ती बिचारी आपली विचारून राहिली, काय झालं रे, काय झालं रे."

"मग?" मी विचारलं.

"मंग तुह्या वहिनीनं तिले सांगितलं, ताईचा लेख आला म्हनून. आई म्हने वाचून दाखव. रोज म्हने. शेवटी काल बसलो आन् दाखवला वाचून."

"सगळा?"

"सगळा." मग तो म्हणाला, "त्या दोन ओळी सोडल्या."

मी खिडकीच्या गजाला धरलं.

"मले माहीत आहे हे तिले नाही माहीत. तिले कळू देऊ नोको. समजलं? माहा राग गेला नाही, ते ध्यानात ठेव. मी येईपर्यंत थांबाले पायजे होतं तुमी, हे मी मरेपर्यंत म्हनीन. कुठं आहे तू?"

"बसमध्ये. काटोलच्या."

"ये," तो म्हणाला. "मी घरी चाललो. तिले फोन देतो, काही बोलाचं म्हने कालपासून."

दहा-पंधरा मिनिटांनी फोन परत वाजला. तोवर बस निघाली होती. दादाचाच नंबर, आणि पलीकडे आई. ती नेहमीच फोनवर मोठ्यानं बोलायची. तिला वाटायचं, नागपूर लांब आहे.

"वाचला वं तुहा लेख. यानं वाचून दाखवला, तुह्या भावानं. मधातच थांबला होता एका जागी. घसा सुकला म्हने. मंग पानी पिऊन वाचला पुढं."

"आई, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. ऐक." तिचा आवाज एकदम खाली आला. दादा शेजारीच असणार, पण तिला दिसत कुठं होतं? "मले लई भेव वाटून राहिला होता वं बाई, लेख आला म्हनलं तेव्हापासून. जीव थाऱ्यावर नोहता माहा. पन तुनं माहं काही आनलं नाही त्यात. मले मालूम होतं, तू नाही आननार. पोरगी आहे माही."

कंडक्टर शेजारी येऊन उभा होता. दादाचा श्वास मला फोनमध्ये ऐकू येत होता, तो तिच्या इतका जवळ उभा होता.

"नाही आणलं, आई," मी म्हटलं.