वारा सुटला, आणि आम्ही चुकीच्या काठाला लागलो

गेल्या रविवारी मी आणि सुजाता, म्हणजे माझी बायको, मुळा धरणाच्या बॅकवॉटरला बोट घेऊन गेलो होतो. हवा भरायची, दोघांची छोटी कयाक... नगरहून पहाटे निघालो आणि सातला पाण्यात होतो.

पाणी निपचित पडलं होतं. नऊला माघारी फिरायचं ठरलं होतं, पण पक्ष्यांचे फोटो काढता काढता साडेदहा वाजले. मला चांगलं पोहता येतं, म्हणून उकडायला लागल्यावर मी लाइफ जॅकेटचे पट्टे सोडून ठेवले होते. सुजाताला पोहता येत नाही.

मग वारा सुटला... लाटा वीतभरच होत्या, पण बोट हलकी. मी जीव खाऊन वल्हवत होतो. वीस मिनिटांनी मान वर केली, तर काठावर लावलेली आमची गाडी आधीपेक्षा लहान दिसत होती.

पुढे बसलेली सुजाता मागे वळली. "आधी पट्टे लावा." आवाज शांत होता, पण वल्हं मांडीवर ठेवून तिनं बोटीची कड धरली होती... तेव्हा मात्र मी घाबरलो.

पलीकडच्या काठावरून एक मच्छीमार टॉवेल हलवत होते. "ते आपल्याला तिकडं बोलावतायत," सुजाता म्हणाली. मला पटेना. गाडी इकडे, आणि जायचं उलट्या दिशेला? पण दंडात ताकदच उरली नव्हती. बोटीचं तोंड फिरवलं आणि दहा मिनिटांत वाऱ्यानेच काठाजवळ नेलं. ते मच्छीमार कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बोटीची दोरी धरली.

नामदेवमामा त्यांचं नाव. त्यांच्या बायकोनं, कौसामावशींनी, तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला.

"वाऱ्यासंगं भांडायचं न्हाई सर," मामा म्हणाले. "त्यो नेईल तिकडं काठाला लागायचं. गाडी काय पळून जाती का?" मग थोड्या वेळानं, "निघतानाच वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दमल्यावर त्योच माघारी आनतो. आन दहाच्या आत पान्याभाईर."

मामांनी मला मोटरसायकलवरून, सगळ्या पाण्याला वळसा घालून, गाडीपाशी सोडलं. गाडी घेऊन परत आलो, बोटीची हवा काढायला लागलो, तेव्हा शेजारी त्यांचा तराफा दिसला. पोत्यात शिवलेले थर्माकोलचे तुकडे... दोघं रोज त्यावर बसून जाळं टाकायला जातात.

"आणि जॅकेट?" मी विचारलं.

"आमाला कुठलं..." मामा हसले.

मी माझं जॅकेट त्यांना दिलं. त्यांनी ते सरळ मावशींच्या खांद्यावर चढवलं. "मला पवता येतंय, हिला न्हाई येत."

मावशींना पट्टे लावता येईनात. सुजातानं पुढे होऊन ते नीट आवळले. मग स्वतःचं जॅकेट उचलून मामांच्या हातात ठेवलं. "पोहता येणाऱ्यालाही लागतं मामा," असं म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून बोटीची घडी करत राहिलो.

मामांकडे साधा फोन आहे, त्यामुळे ही पोस्ट काही त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी पाण्यावर जाणार असेल, तर त्यांचं सांगणं तेवढं ध्यानात ठेवा... आम्ही दोघं त्यामुळेच घरी आलो.