एक टोपरं आणि दोन मोजे

हातात सुया नसल्या की लोकरमावशींचं मन थाऱ्यावर राहत नसे. स्वेटर विणून विकण्यात त्यांची उमर गेली होती आणि वेळ मोजायची त्यांची रीतही त्याच धंद्यातली. बहिणीचं घर बसने एका गळपट्टीवर, दातांच्या डॉक्टरांकडची रांग अर्ध्या बाहीची.

पण लेक परदेशात, तिथं बस जात नव्हती. तिचे दिवस भरत आले होते. जावयाने विमानाचं तिकीट पाठवलं होतं आणि मावशी ते उलटसुलट करून पाहत होत्या.

"सकाळी दहाला उडतं, संध्याकाळी साडेपाचला उतरतं. साडेसात तास अधांतरी लटकायचं? माझा जीव मध्येच कुठेतरी उतरून जाईल."

"आणि येताना बघ," नवरा चष्मा वर सारत म्हणाला. "अकराला निघून दीडला हजर. अडीच तास."

"जाताना चढ असेल."

"आकाशात?"

"मग तुम्ही सांगा कारण."

नवऱ्याने ते वाऱ्यावर ढकललं. मावशींना वारा पटला नाही. त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझ्या सासूबाईंनाच बोलाव बाई, मला नाही जमायचं."

पलीकडून लेकीने नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. त्या दिवशी मावशींना एकच पाठ तीनदा उसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला.

"आई, आमची घड्याळं तुमच्या अडीच तास पुढे. तिकिटावर निघायची वेळ तुमच्याकडची, पोचायची आमच्याकडची. अंतर साडेतीन हजार किलोमीटर, विमानाला लागतात पाचच तास. येतानाही तेवढेच."

"म्हणजे ते वरचे अडीच तास मी बसायचंच नाही?"

"नाही."

"मग ते जातात कुठे?"

"इथे उतरल्यावर काटे पुढे सरकवायचे, झालं. घरी परतलात की मिळतील परत."

मावशींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पाच तास. एक टोपरं आणि दोन मोजे."

"काय म्हणालात?"

"काही नाही, जावईबापू. येते म्हटलं." फोन ठेवता ठेवता त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "अहो, माळ्यावरची बॅग काढा."

विमानतळावर तपासणीच्या बाईने लाकडी सुया हातात फिरवून पाहिल्या, पिवळ्या लोकरीचा गुंडा दाबला आणि "बाळासाठी का?" एवढंच विचारून सोडलं. विमान उडालं तेव्हा मावशींनी खुर्चीचा हात असा आवळला, की शेजारचा माणूस हळूच खिडकीकडे सरकला. मग त्यांनी पहिला टाका घातला आणि खालचा समुद्र त्यांच्या लेखी संपला. टोपरं उतरलं. एक मोजा झाला. दुसरा घोट्यापाशी आला आणि पट्टे बांधायची सूचना झाली.

"इतक्यात?" त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं. "एक फेरी मारा ना वरूनच."

बाहेर लेक उभी होती, पोटावर हात ठेवून. मावशींनी तिला कुशीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"त्रास झाला का गं, आई?"

"त्रास कसला. त्या पायलटलाच घाई. अर्धा मोजा राहिला बघ."

"राहू दे. आत बसलेल्याला कुठे घाई आहे."

गाडीत बसल्यावर मावशींनी डावं मनगट लेकीपुढे धरलं. लेक घड्याळाचे काटे पुढे करेपर्यंत त्या कशाबशा स्वस्थ बसल्या. मग त्यांनी मोज्याची टाच वळवायला घेतली.