हंबीररावांच्या डांबरगोळ्या

बशीत चहा ओतण्याआधी हंबीरराव बशी उलटी करून बघत. पाहुण्यांच्या चपला काठीनं झटकत. खिशात कायम काळं स्केचपेन. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ‘झालर, जरीची’, ‘मखर, डावी बाजू’, ‘चहापूड’. दुसऱ्याच्या घरी गौर बघायला गेले की हात जोडण्याआधी पडद्यामागं वाकत. घरी येऊन सांगत, “झुरळं बघून आलो. गौर बरी होती.”

क्रांती वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. मराठीत एम.ए. झालेली, नोकरीच्या शोधात. सकाळी पेपर वाचायला खाली यायची, त्यातून ओळख वाढली. या साठीच्या माणसाला आपण मित्र का म्हणतो, हे तिला सांगता आलं नसतं. त्यांचं बोलणं ऐकून हसू यायचं, एवढंच.

पन्हाळ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हंबीररावांना एकच ध्यास होता: गल्लीतल्या तालीम मंडळाची गौरी सजावट स्पर्धा. तीन वर्षं पहिला नंबर. गेल्या वर्षी परीक्षकांच्या डोळ्यांदेखत झालरीतून एक कसर पळाली आणि नंबर दुसरा आला. नखाएवढ्या त्या किड्यानं त्यांची वर्षभराची झोप उडवली.

यंदा त्यांनी डांबरगोळ्या आणल्या. ट्रंकेत घातल्या, पडद्याच्या शिवणीत घातल्या, मखराच्या पोटात घातल्या. उरल्या त्या पितळी वाट्यांत भरून गौरीपुढच्या पायऱ्यांवर मांडल्या. बायकांनी नदीवरून तेरड्याची गौर आणली, तर हंबीररावांनी उंबऱ्यातच तिच्यावर झुरळांच्या औषधाचा फवारा मारला. तेरड्यात अळ्या असतात म्हणून. देव दारात आल्यावर त्याच्यावर औषध मारणारा माणूस क्रांतीनं पहिल्यांदाच पाहिला.

“अवं, कडुलिंबाचा पाला घाला की. वेखंड घाला,” त्यांची बायको विठाबाई म्हणाली. “आणि ऊन दावून ठेवा. माझ्या आईकडं असंच असायचं. एक किडा न्हवता.”

“तुझ्या आईकडं जरीची झालर कुठं होती?”

“म्हंजे किडाबी बघून येतोय म्हणा की. कुणाकडं यायचं ते.”

क्रांतीनं वाट्यांकडं बोट दाखवलं. त्यांच्या शेजारीच प्रसादाच्या साखरफुटाण्यांची वाटी होती. तेही पांढरे, तेही गोल.

“काका, तुमचा नातू येतोय ना? त्याला यातलं काय कळणार?”

“तू एम.ए. मराठी न्हवं? मग माहितीफलकाच्या वेलांट्या तपास. बाकीचं मी बघतो.”

तिनं वेलांट्या तपासल्या. पुढं तिला त्याचीच लाज वाटली.

दुपारी त्यांची लेक संयोगिता हातकणंगल्याहून आली. बरोबर राजवीर, तीन वर्षांचा. आजीनं हातावर ठेवलेले साखरफुटाणे त्यानं संपवले. आणखी हवे होते. त्यानं शेजारच्या वाटीत हात घातला.

त्याचं तोंड वाकडं झालेलं क्रांतीला दिसलं. विठाबाईनं बोट घालून अर्धी गोळी बाहेर काढली. अर्धी गेली होती.

“चूळ भरायला लावा,” हंबीरराव म्हणाले. “चारला परीक्षक हायत.”

“मी चाललो,” विठाबाई पदर खोचत म्हणाली. “तुमची गौर आणि तुम्ही.”

तिघी पोराला घेऊन रिक्षात बसल्या. हंबीरराव आले नाहीत.

डॉक्टरांनी रक्त घेतलं. दोन-तीन दिवस लघवी काळपट होतेय का ते बघायला हवं, म्हणाले. पोराला ठेवून घेतलं. गोळ्या नक्की कशाच्या आहेत ते कळायला हवं, पाकीट आणा. क्रांती पाकिटासाठी परत आली.

हंबीरराव वाट्या पुसत होते. गोळ्या त्यांनी साखरफुटाण्यांच्या रिकाम्या डब्यात ओतल्या होत्या. डबा खालच्याच पायरीवर. पाकीट कचऱ्याच्या बादलीत.

“गल्लीत एवढी पोरं हायत,” ते म्हणाले. “ह्यालाच बरी खावीशी वाटली. बापासारखंच हावरट.”

क्रांतीला आज हसू आलं नाही.

“डबा वर ठेवा,” ती म्हणाली. “निदान चिठ्ठी तरी लावा.”

“लावतो की. माझ्या घरात चिठ्ठीशिवाय डबा न्हाय.” त्यांनी पेन काढलं. “‘खाऊ नये’. कसं वाटतंय?”

“‘विष’ लिहा.”

“गौरीपुढं? परीक्षक वाचतील की.”

ते मांडी घालून बसले. झाकणावर कागद चिकटवला, शिरोरेषा पट्टीनं मारली. कचेरीतलं टपोरं अक्षर, घाई नाही. पहिला शब्द झाला, तेवढ्यात दारात चपला वाजल्या. “या पावणं, या,” म्हणत ते उठले. पेनाला टोपण घालायला विसरले नाहीत.

क्रांतीनं बादलीतलं पाकीट काढलं. डबाही उचलला. मागं ते सांगत होते, “एक किडा दावा, सगळी बक्षिसं परत करतो.”

रिक्षात तिनं डबा मांडीवर घेतला. ‘नये’साठी मोजून सोडलेली जागा कोरीच होती. झाकणावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: खाऊ.