झिऱ्याची जागा

अजूनही दुपारी डोळा लागला की मला तो झिरा दिसतो. गोदावरीच्या कोरड्या पात्रात, वाळूत उकरलेला कमरेएवढा खड्डा. तळाशी पाणी जमतंय, इतकं सावकाश की बघता बघता पेंग यावी. काठावर बसून मावशी करवंटीनं हंडा भरतीय आणि मी तिच्या पाठीला टेकलेय. तिच्या लुगड्याला ओल्या वाळूचा वास येतोय. कुणालाच कुठं जायचं नाही.

मला मावशीनंच वाढवलं. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याला उगवायचे. मावशीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती नदीच्या वाळूत टरबुजं लावायची आणि झिऱ्याच्या पाण्यावर जगवायची. गावातल्या विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळं प्यायलाही झिराच. पुरात तो दरसाल बुजायचा. पाणी ओसरलं की गावातली एक जाणती बाई पहाटे अनवाणी वाळूवरून चालायची आणि पायाला गार लागेल तिथं थांबायची. तिथंच त्या वर्षीचा झिरा. मला कळायला लागलं तेव्हा हे चालणं मावशीकडं आलं होतं. मी तिच्या मागं मागं, तिच्याच पावलांत पाय टाकत जायची. मला सगळीकडंच गार लागायचं, आणि तसं म्हटलं की ती हसून म्हणायची, तुझे पाय अजून कच्चे हायेत.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले. सगळ्यांनाच कसली तरी घाई झाली होती. स्टँडसमोर एसटीडीचे बूथ निघाले, औरंगाबादेला बंगले उठायला लागले, आणि बंगल्याला तर वाळू लागतेच. वाळूघाटांच्या लिलावाच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. प्रत्येक फायलीत एक रकाना असायचा: ग्रामसभेला विचारणे आवश्यक आहे काय? घाटाजवळ पिण्याच्या पाण्याची सोय असेल तर विचारायचं, नसेल तर चावडीवर नोटीस डकवली की झालं. पंख्याखाली बसून मी कितीतरी फायलींवर 'आवश्यक नाही' असं लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते उमगत नव्हतं.

मग एक दिवस आमच्याच गावाची फाईल आली. नकाशा उघडला. पाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, निरंक. म्हणजे काहीच नाही! माझं डोकं असं तापलं की विचारू नका. मी तडक मोजणीवाल्याकडं गेले. तो बिचारा म्हणाला, बाई, तुमचा झिरा दरवर्षी जागा बदलतो, तो मी नकाशात दाखवू कुठं आणि अंतर मोजू कुठून? खरंच होतं त्याचं. तरी मी त्याला चार शब्द सुनावले आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, याच पाण्यावर मी वाढलेय. गावाला विचारल्याशिवाय ही फाईल पुढं जायची नाही," मी म्हणाले.

साहेब शांत माणूस. चष्मा पुसत ते म्हणाले की ठीक आहे, लिहा 'आवश्यक', फक्त महिनाअखेरीला फाईल वर गेली पाहिजे, सभेची तारीख तुम्हीच घाला. मी टपोऱ्या अक्षरात 'आवश्यक' लिहिलं आणि पौषातली एक तारीख घातली. त्या दिवशी एसटीनं घरी जाताना मी खिडकीशी बसून आपल्याशीच हसत होते. गाव जमेल, बाया बोलतील, मावशी बोलेल, आणि झिरा वाचेल, असं सगळं मला समोर घडताना दिसत होतं.

सभेचा अहवाल आला तो पानभरसुद्धा नव्हता. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासानं तिथंच, चावडीपुढच्या लिंबाखाली तहकूब सभा, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. हजर अकरा. हरकत कुणाचीही नाही. अकरातला एक अंगठा मावशीचा होता.

पौष! गावाची निम्मी घरं कडी लावून उसाच्या फडात गेलेली असतात तो महिना. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं तर चाललं असतं. पण दर दसऱ्यानंतर आईबापाची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत उभी राहणारी पोर मीच होते, आणि ती तारीख मीच घातली होती. मला स्वतःची इतकी शरम वाटली की जेवण गेलं. साहेबांकडं जाऊन मी पाडव्यानंतर पुन्हा सभा घेऊ म्हणाले, तर ते म्हणाले की नियमानं विचारून झालंय. उन्हाळाभर ट्रक नदीत उतरत राहिले.

पुढच्या वर्षी पूर ओसरल्यावर मी गावी गेले. पहाटे मावशी हंडा घेऊन निघाली, मी मागं. पात्रात वाळू अशी उरलीच नव्हती. खड्डे, आणि खड्ड्यांत काळी चिकणमाती. ती थांबायची, पाय दाबून बघायची, पुढं जायची. चालता चालताच मी विचारलं की सभेत तू काही बोलली नाहीस का. ती म्हणाली, बोलले की, पाडव्याला मानसं येऊ द्या म्हनले, त्यांनी लिहून घेतो म्हनून अंगठा घेतला. मग मी माझं सगळं सांगून टाकलं: रकाना, माझं भांडण, ती तारीख. गावाला विचारलं पाहिजे म्हणून मीच अडून बसले होते, असंही सांगितलं.

मावशीनं वळून माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"इचारलंस हे लई चांगलं केलंस, बाई," ती म्हणाली. "पर आमी घरी हाव का न्हाई, हे कुनाला इचारलंस?"

ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघी चाललो. गार कुठंच लागलं नाही. मग तिनं रिकामा हंडा माझ्या हातात दिला आणि आम्ही घरी आलो.