कोणालाच शुगर नसलेली कॉलनी

दर्यापूरच्या आमच्या कॉलनीत शुगरचा आजार कोणालाच नाही. तरीही घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या कौतिकाबाई तायडे यांच्या बोटात वर्षभरात तीनदा इन्सुलिनची सुई घुसली. सुया कधी मेथीच्या काड्यांत निघत, कधी पेपरात गुंडाळलेल्या. आजार लपवण्याची आमची रीत मोठी सुसंस्कृत आहे. टोचते ती फक्त बाईंना.

दर वेळी बाई सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेत आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाशी बोलत नसत. तिसराही रिपोर्ट चांगला आला, त्या दिवशी त्यांनी गाडीवरचं गाणं बंद करून माईक हातात घेतला.

"ज्यायच्या घरी सुया निंगतात, त्यायनं जाड डब्यात टाकून, झाकन लावून मले द्या. मी दवाखान्यात जमा करीन."

एकही दार उघडलं नाही. डबा आणणं म्हणजे आजार कबूल करणं.

"बरं! उद्यापासून ज्याच्या कचऱ्यात सुई निंगन, त्याचं नाव याच माईकवर घेईन."

दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या आधीच सात जण रस्त्यावर उभे होते. सर्वांत पुढे निवृत्त मुख्याध्यापक गावंडे गुरुजी, हातात सुया भरलेली फिनाइलची जुनी बाटली घेऊन.

"आमचं नाही हं, कौतिकाबाई. शेजाऱ्यानं द्यायले सांगितलं."

मागच्या सहाही जणांचे डबे शेजाऱ्यांचेच निघाले.

"कोनाचं का असेना, गुरुजी," बाई म्हणाल्या, "झाकन तेवढं घट्ट लावत जा."