दोन वाजताचं गॅसोलीन

१९५३ च्या मे महिन्यात आम्ही तिघे मित्र मालवणहून आठवडाभरासाठी पणजीला गेलो. गोवा तेव्हा परदेश होता. दिवसभर दुकानं, चर्चच्या पायऱ्या आणि बागेतला बँड झाला की संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसायचो. नदीपलीकडे बेतीला जाणाऱ्या मोटारलाँचचा तांडेल तिथे भेटायचा. त्याच्या कानावर एक न पेटवलेली विडी असे. लाँच सोडण्यापूर्वी तो पितळी घंटा सदऱ्याच्या टोकाने पुसायचा आणि मगच वाजवायचा. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही.

परतीच्या दिवशी आमच्यातला एक जण फेल्ट हॅट घ्यायला बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी वालावलची मंडळी त्याला बघायला येणार होती. "दोन वरांचेर गॅसोलीनाकडे यो," असं तांडेलाने त्याला बजावलं होतं. दोन वाजून गेले तरी तो आला नाही. ही लाँच चुकली तर पलीकडून मालवणच्या वाटेची शेवटची मोटार चुकणार होती.

तांडेलाने घंटा पुसली, पण वाजवली नाही. "मालवणचो मूं तो? मगीर पेट्रोलाच्या पंपार आसतलो!" म्हणत तो स्वतः धावला आणि पेट्रोलपंपावर उभ्या मित्राला दंडाला धरून घेऊन आला. तिथे लाँचलाच गॅसोलीन म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"माका वाटला, मोटार थयसूनच सुटता," मित्र म्हणाला.

"भास एकूच रे," तांडेल हसला, "तेल तेवडें वेगळें." मग त्याने घंटा वाजवली.

दुसऱ्या दिवशी वालावलची मंडळी आली, तेव्हा मित्र नवी हॅट मांडीवर घेऊन ओसरीवर बसला होता. हॅटला पेट्रोलचा वास येत होता. लग्न त्याच बैठकीत ठरलं.